फियाट ५०० चा गिअर खरखरतो, घेऊ का? आधी रंगाखाली बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: तुम्ही मिलानला नोकरीला आहात. आस्तीजवळच्या एका खेड्यात १९७० सालची फियाट ५०० एल मिळतेय. मूळ मालक वारले, मुलगा विकतोय. दहा वर्षं कोठारात उभी असलेली गाडी त्यानं चालू केली आणि वर निळा रंगही ताजा मारून घेतला. तुम्ही चालवून पाहिलीत तर तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना प्रत्येक वेळी खर्रर्र झालं. मुलगा म्हणतो गिअरबॉक्स गेला असेल, म्हणून किंमत उतरवतो. तुमच्या ओळखीचा मेकॅनिक म्हणतो फियाट १२६ चा (५०० नंतर आलेल्या छोट्या गाडीचा) गिअरबॉक्स बसवून टाकू. तर घ्यावी का, आणि घेतली तर रोज ऑफिसला नेता येईल का?

मला त्या गिअरबॉक्सची फारशी काळजी वाटत नाही. माझी नजर अडली ती ‘ताजा रंग’ या दोन शब्दांवर.

मी मूळचा कुर्ल्याचा. काकाचं गॅरेज होतं, प्रीमियरच्या फियाट टॅक्स्यांखाली झोपून मी पाने धरायला शिकलो. गेली सतरा वर्षं तोरिनोजवळ (आपल्या भूगोलाच्या पुस्तकातलं तुरिन) जुन्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये आहे आणि आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत निम्म्याहून जास्त ५००च असतात. त्यामुळे जे सांगतोय ते या गाडीच्या खाली घालवलेल्या वेळातून आलेलं आहे. पण तुमची गाडी मी पाहिलेली नाही, हे धरूनच वाचा.

ही गाडी अशी का आहे ते कळलं की तुमचे अर्धे प्रश्न सुटतील. ४ जुलै १९५७ ला फियाटनं ‘नुओव्हा ५००’ बाजारात आणली. आराखडा फियाटचा इंजिनियर दान्ते जाकोझाचा. युद्धाआधीची छोटी फियाट, तोपोलिनो, तीही त्याचीच. गिऱ्हाईक डोळ्यांसमोर होतं ते व्हेस्पा-लँब्रेटावर बायकोपोरांना बसवून हिंडणारं कुटुंब. किंमत ४ लाख ९० हजार लिरा, इंजिन मागे, दोन सिलिंडर, हवेवर थंड होणारं, ४७९ सीसी, १३ हॉर्सपॉवर. लांबी तीन मीटरच्याही आत. वर कापडाचं छत, कारण तेवढा पत्रा वाचतो आणि दोन सिलिंडरची धडधड डोक्यावरून निघून जाते. पहिल्या गाड्या इतक्या कफल्लक होत्या की दाराच्या काचाही खाली होत नव्हत्या. लोकांनी नाकं मुरडली, आणि काही महिन्यांतच फियाटला सुधारून आणावी लागली. तुमची एल ही १९६८ ते ७२ मधली ‘लुस्सो’, म्हणजे त्यातल्या त्यात नटवलेली: ४९९.५ सीसी, १८ हॉर्सपॉवर, खाली गालिचा, मागे कलणाऱ्या सीटा आणि पेट्रोलचा काटा. पण हाडं तीच. जिथे जिथे जाकोझानं लिरा वाचवला, तिथे तिथे आज तुम्हाला वाकून बघायचंय.

आता ती खरखर. ५०० च्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रो नाही, कुठल्याच गिअरला नाही. दुसरा, तिसरा, चौथा यांची दाती समोरासमोर येऊन एकमेकांत अडकतात. आजच्या गाडीत अडकण्याआधी दोघांचा वेग जुळवायला पितळी रिंग असते, तोच सिंक्रो. इथे ते काम तुमच्या पायांचं. तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं तर क्लच दाबा, न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, अॅक्सिलरेटरला एक हलकी टिचकी द्या, पुन्हा क्लच दाबा आणि मग दुसरा टाका. आपल्याकडच्या जुन्या एसटी ड्रायव्हरांना विचारा, ते झोपेतही ‘डबल क्लच’ मारतात. वरचा गिअर घेताना एवढं नाटक लागत नाही, न्यूट्रलला एक श्वास थांबलं की पुरतं. पहिला मात्र गाडी थांबल्यावरच.

टिचकी का, तेही सांगतो, कारण बरेच जण ती चुकीच्या क्षणी देतात. खालचा गिअर घेताना त्याच वेगाला इंजिनाच्या बाजूची चाकं जास्त जोरात फिरायला हवीत. क्लच सोडून न्यूट्रलमध्ये रेस दिली तरच तो वेग आतल्या चाकांपर्यंत पोचतो. क्लच दाबून रेस दिली तर नुसतं इंजिन ओरडतं, आत काही पोचत नाही, आणि खर्रर्र होतंच. माझ्याकडे शिकायला येणारे सगळे पहिल्या दिवशी हेच करतात. दोन रविवार रिकाम्या रस्त्यावर घालवले की पायाला सवय लागते, आणि मग गिअर लोण्यात सुरी जावी तसा जातो.

म्हणजे गिअरबॉक्स निर्दोषच आहे असं नाही. तीन गोष्टी करून बघा. एक, गाडी उभी, इंजिन मंद चालू. क्लच पूर्ण दाबा, मनात तीनपर्यंत मोजा आणि रिव्हर्स टाका. आता खरखरलं तर दोष क्लचचा: तो पूर्ण सुटत नाही. दहा वर्षं उभ्या गाडीत हे नेहमीचंच. कधी नुसती केबल आवळून भागतं, कधी प्लेट गंजून चिकटलेली असते आणि इंजिन उतरवावं लागतं. दोन, उतारावर दुसऱ्यात आणि मग तिसऱ्यात असताना अॅक्सिलरेटर एकदम सोडा. गिअरचा दांडा आपोआप न्यूट्रलला उडी मारत असेल तर दाती झिजून गोल झाल्यात, तेव्हा गिअरबॉक्स खोलावाच लागेल. तीन, कुठल्या एकाच गिअरला रडल्यासारखा आवाज येतो का ते ऐका. थोडी रड प्रत्येक ५०० ला असते. एकाच गिअरला जास्त येत असेल तर बेअरिंग.

१२६ चा गिअरबॉक्स बसतो, थोडे फेरफार करावे लागतात. त्यात दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत सिंक्रो आहे. मी स्वतः कितीतरी बसवलेत, पाप समजत नाही. घरातली दोन-तीन माणसं गाडी चालवणार असतील, किंवा ट्रॅफिकमध्ये तुमची चिडचिड होणार असेल, तर जरूर बसवा. पण गाडी घेण्याआधीच हा निर्णय घेऊ नका आणि मूळ गिअरबॉक्स भंगारात देऊ नका. तेल भरून, गुंडाळून कोपऱ्यात ठेवा. पुढे गाडी विकताना घेणारा तो मागेल. मी तुमच्या जागी असतो तर आधी एक उन्हाळा मूळ गिअरबॉक्सवर चालवली असती. त्या गाडीची निम्मी मजा त्या दोन पायांच्या नाचात आहे, असं माझं मत. माझी बायको याच्याशी सहमत नाही.

आता रंग.

तोरिनोत आल्यावर दुसऱ्याच वर्षी मी स्वतःसाठी ५०० घेतली होती, १९६७ सालची, एफ मॉडेलची, पांढरी. इंजिन इतकं गोड चालत होतं की मी बाकी काही बघितलंच नाही. रंग आरशासारखा. कुर्ल्यात वाढलेल्या मेकॅनिकला इंजिनाशिवाय दुसरं दिसतं कुठे! पहिल्याच आठवड्यात चाक बदलायला जॅक लावला. या गाडीला प्रत्येक बाजूला दाराखाली जॅकचं एक भोक असतं. दांडा घुसवला, फिरवायला लागलो. जॅक वर आला, गाडी आली नाही. जॅक दाराखालच्या पत्र्यातून सरळ वर घुसला आणि खारी मोडावी तसे पापुद्रे रस्त्यावर सांडले. त्या आरशासारख्या रंगाखाली अर्धा सेंटिमीटर जाड लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती, तिच्याखाली फायबरची जाळी, आणि तिच्याखाली हवा. ज्या इंजिनासाठी गाडी घेतली त्याच्यावर मी पुढे दोन वर्षांत पानासुद्धा लावला नाही. पत्र्यावर मात्र एक अख्खा हिवाळा गेला.

हे सगळं जॅकपुरतं नाही. या गाडीला वेगळी चेसिस नाही. पत्र्याचं खोकं हेच तिचं हाड. आणि वर कापडाचं छत असल्यामुळे वरून आधार कमी, सगळा भार दाराखालच्या दोन पेटीसारख्या पट्ट्यांवर आणि मधल्या बोगद्यावर येतो. त्या पट्ट्या सडल्या की गाडी मधोमध वाकायला लागते. इंजिन खराब झालं तर दुसरं मिळतं, दोन माणसं उचलून बसवतात, ५०० चे सुटे भाग आजही इथे सहज मिळतात. वाकलेलं खोकं सरळ करायचं म्हणजे कारागिराचे महिने मोजायचे.

तेव्हा बघायला जाताना फ्रिजवरचं एक साधं लोहचुंबक आणि पातळ फडकं घेऊन जा. चुंबक फडक्यात गुंडाळून दाराखालची पट्टी, चाकांच्या वरच्या कमानी, दाराची खालची कड आणि पुढच्या नाकाचा खालचा भाग यांवरून फिरवा. पत्रा असेल तिथे चिकटेल, लांबी असेल तिथे घसरून पडेल. मग दोन्ही दारं लावून दार आणि मागच्या खांबामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते बघा, आणि कुणालातरी आत बसवून पुन्हा बघा. माणूस बसल्यावर फट बदलत असेल किंवा दार लागेनासं होत असेल, तर नमस्कार करा आणि घरी या. किंमत कितीही कमी असली तरी.

खालचा गालिचा उचलायला सांगा. एलमध्ये हा गालिचाच वैरी असतो. छताच्या कापडातून आणि काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी तो स्पंजासारखं धरून ठेवतो. पुढची डिकी उघडून स्टेपनी बाहेर काढा आणि बॅटरीखालचा पत्रा बघा. अॅसिड सांडून तिथे जाळी झालेली असते. मागे इंजिनाचं झाकण उघडून, इंजिन ज्या आडव्या पट्टीला स्प्रिंगवर टांगलंय ती चाचपा. आणि खाली वाकून बघताना सगळं काळं कुळकुळीत, ताज्या डांबराचा थर दिलेलं दिसलं, तर कौतुक करू नका. विकण्याआधी तळाला डांबर फासणं आणि लग्नाआधी मुलाचा पगार वाढवून सांगणं यात फरक नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघा, टणटण आवाज यायला हवा. भदभद आला तर खाली काही नाही. रंगवताना काढलेले फोटो त्या मुलाकडे आहेत का तेही विचारा. ज्यानं पत्रा कापून नवीन जोडलाय तो फोटो दाखवल्याशिवाय राहत नाही.

हे झालं की मगच इंजिन. थंड असताना चालू करायला सांगा, तुम्ही पोचायच्या आधी गरम करून ठेवलेलं नको. किल्लीनं फक्त करंट येतो. सीटांच्या मधोमध जमिनीवर दोन छोटे दांडे असतात, एक चोकचा, दुसरा स्टार्टरचा. चालू झाल्यावर हीटर उघडा आणि नाक लावा. या गाडीचा हीटर म्हणजे इंजिनावरून फिरून आलेली हवाच मधल्या बोगद्यातून आत येते. जळक्या तेलाचा वास थोडा येणारच. पण धुराचा झोंबणारा वास आला तर हेड गॅस्केट फुटका समजा, आणि तसा हीटर लावून कुणाही माणसाला बसवू नका.

ऑइल सुमारे अडीच लिटरच असतं आणि कागदी फिल्टर नसतो. क्रँकच्या पुलीतच एक पोकळी आहे, तिथे फिरता फिरता गाळ बाहेरच्या कडेला फेकला जातो. तिचं झाकण बहुतेक गाड्यांत वर्षानुवर्षं कुणी उघडलेलंच नसतं. उघडलं की आत बुटाच्या पॉलिशसारखा घट्ट काळा थर. गाडी घेतलीत तर पहिलं काम हे, ऑइल बदलणं त्यानंतर. आणि एक फॅन बेल्ट कायम गाडीत ठेवा. थंड हवेचा पंखा डायनॅमोच्याच दांड्यावर बसलेला असतो, त्यामुळे बेल्ट तुटला की चार्जिंग आणि कूलिंग दोन्ही एकदम जातात. तापमानाचा काटा नाहीच. डायनॅमोचा लाल दिवा लागला की ‘घरी जाऊन बघू’ म्हणायचं नाही, तिथेच कडेला घ्यायची.

पुढची चाकं वरखाली धरून हलवा. खटखट लागली तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. तरीही लागली तर किंगपिन (ज्यांवर पुढची चाकं वळतात त्या पिना), ग्रीस न दिल्यामुळे खाल्लेले. हे काम मोठं नाही, किमतीत धरा.

इथपर्यंतचा हिशेब असा: खरखर बहुधा तुमच्या पायांतून येतेय, क्लच आणि दाती तपासून खात्री करा. पत्रा चांगला असेल तर ‘गेलेल्या गिअरबॉक्स’च्या नावाखाली मिळणारी सूट पदरात पाडून घ्या, आणि मुलाला खरं काय ते गाडी घेतल्यावर प्रेमानं सांगा. पत्रा वाईट असेल तर गिअरबॉक्स सोन्याचा असला तरी सोडा.

रोज ऑफिसला नेता येईल का, हे मात्र तुमच्या पत्त्यावर अवलंबून आहे. मिलानचा एरिया बी (शहराचा बहुतेक भाग व्यापणारा, धुराच्या नियमांचा पट्टा) युरो शून्य, म्हणजे प्रदूषणाच्या सगळ्यात जुन्या वर्गातल्या, पेट्रोल गाड्यांना सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेसात बंद आहे, आणि ५०० म्हणजे युरो शून्यच. ऐतिहासिक गाडीचा दाखला असेल तर सवलती मिळतात, पण त्यांच्या अटी बदलत राहतात. तेव्हा माझ्या सांगण्यावर जाऊ नका, घेण्याआधी नगरपालिकेच्या साइटवर तपासून बघा. शहराबाहेर राहत असाल आणि ऑफिस पुढच्याच गावात असेल तर ही गाडी अजूनही रोज चालते. मी स्वतः मार्च ते ऑक्टोबर अशीच वापरतो. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा ती झाकून ठेवतो. ऑटोस्त्रादावर (इथल्या एक्स्प्रेसवेवर) न्यायला बंदी नाही, पण ८० ते ८५ हा तिचा सुखाचा वेग. तुम्ही ट्रकांच्या रांगेत असता, आणि मागून १३० नं येणाऱ्याला तुम्ही किती हळू आहात ते उशिरा कळतं. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आणि सर्किट एकच. एक नळी फुटली की चारही गेले. म्हणून एक हट्ट धराच: दहा वर्षं उभी असलेली ही गाडी आस्तीहून मिलानला चालवत आणू नका. ट्रकवर घालून आणा, आणि ब्रेकच्या रबरी नळ्या, चाकांतले सिलिंडर आणि टायर बदलल्याशिवाय गल्लीबाहेर काढू नका. टायरची नक्षी नवी दिसली तरी बाजूला छापलेलं साल वाचा.

कागदपत्रांचं लवकर आटपतो. तीस वर्षांवरच्या गाडीला नेहमीचा रोड टॅक्स नाही, रस्त्यावर आणली तर किरकोळ ठरावीक रक्कम भरावी लागते. दर दोन वर्षांनी तपासणी मात्र आहे. लिब्रेत्तोवरचा (इथल्या आरसी बुकवरचा) चेसिस नंबर पत्र्यावरच्या नंबराशी स्वतः जुळवून घ्या. मुलानं आधीच स्वतःच्या नावावर केली नसेल तर नोंदणी अजून वडिलांच्याच नावावर असेल. एसीआयच्या (गाड्यांची मालकी नोंदवणाऱ्या इटालियन ऑटोमोबाइल क्लबच्या) कचेरीतून उतारा काढून बघा. हे अगदी गावाकडच्या सातबाऱ्यासारखं आहे: वारस किती आणि सगळ्यांची सही आहे का, हे बयाणा देण्याआधी विचारायचं.

शनिवारी पुन्हा बघायला जाणार म्हणालात ना? तर चार फोटो काढून इथे टाका: जॅकचं भोक दोन्ही बाजूंचं, बॅटरीखालचा पत्रा, आणि गालिचा उचलल्यावर ड्रायव्हरच्या पायाखालची जमीन. पुढून काढलेला, उन्हात चमकणारा निळा फोटो नको, तो विकणाऱ्यानं जाहिरातीत दिलाच असेल.